पाण्याची कड कोणाची?

आमच्याकडे लग्नाच्या हंगामात फोटो स्टुडिओत एक पडदा हमखास टांगलेला असतो. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट, पायऱ्यापायऱ्यांची गल्ली आणि खाली पसरलेला निळाभोर समुद्र. नवरदेव-नवरी त्या पडद्यापुढे उभी राहतात, फोटोग्राफर हनुवटी वर करायला सांगतो आणि फोटो निघतो. हे चित्र ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाचे आहे, हे त्या दोघांना ठाऊक नसते. फोटोग्राफरलाही बहुधा नसते. गोंदिया शहरापासून कोणत्याही दिशेला सरळ रेघ ओढली तरी पाचशे किलोमीटरांच्या आत समुद्र लागत नाही. आमच्या गावात हयातीत समुद्र न पाहिलेली माणसे कितीतरी आहेत. पण ग्रीसचा समुद्र मात्र फ्रेममध्ये बसून त्यांच्या घरात केव्हाच आला आहे.

मी स्वतः पहिल्यांदा समुद्र पाहिला तो वयाच्या चाळिशीत, शाळेची सहल पुरीला नेली तेव्हा. दुसऱ्यांदा पाहिला तो थेट ग्रीसमध्ये. असे लिहिताना मलाच हसू येते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराने ग्रीसच्या गोष्टी सांगाव्यात, हे थोडे पाहुण्याच्या घोड्यावर बसून मिरवण्यासारखेच. पण मुलगी नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे तिच्याकडे गेलो, आणि तिने आठवडाभराची रजा काढून आम्हाला एका ग्रीक बेटावर नेले. सँटोरिनीवर नव्हे. तिथली गर्दी आणि दर ऐकून तिनेच कानाला खडा लावला होता. आम्ही गेलो नाक्सोसला.

पिरेयस बंदरातून सकाळी सुटलेली बोट पारोस बेटाला टेकून दुपारी नाक्सोसला लागली. बंदराच्या तोंडाशीच एका टेकाडावर संगमरवराची प्रचंड चौकट उभी आहे. नुसती चौकट, ना भिंत, ना छप्पर. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलोचे देऊळ बांधायला घेतले, ते अर्ध्यावर राहिले आणि दरवाजा तेवढा उरला. अर्धवट पडलेले काम अडीच हजार वर्षे टिकले की त्याचे पर्यटनस्थळ होते, एवढा दिलासा आमच्या तालुक्यातल्या अनेक बांधकामांना यावरून घेता येईल.

बेटाच्या पश्चिम अंगाला ओळीने किनारे आहेत. आगियोस योर्गोस, आगियोस प्रोकोपियोस, आगिया आन्ना आणि मग मैलोन्‌मैल पसरलेला प्लाका. गावातून बस सुटते आणि या किनाऱ्यांवर माणसे उतरवत जाते. पाणी इतके नितळ की गळ्यापर्यंत गेले तरी पायाची बोटे मोजावीत. मी बोडीत पोहायला शिकलेला माणूस. आमच्या पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. तळाला पाय लागला की चिखल बोटांमधून वर येतो, आणि तोच आपला तळ अशी खूण असते. नाक्सोसच्या पाण्यात मला पहिले दोन दिवस उघडे पडल्यासारखे वाटत होते.

पहिल्या दिवशीची गोष्ट. वाळूत छत्र्या आणि आरामखुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या. एका छत्रीखालच्या जोडखुर्चीचे दिवसाचे भाडे पंचवीस युरो, म्हणजे दोन हजारांच्या वर. मुलीने पाकीट काढले. आमच्या सौभाग्यवतींनी तिचा हात धरला, पिशवीतून सोलापुरी चादर काढली आणि चार पावलांवर झाऊच्या झाडाखाली अंथरली. मला धडकी भरली. आता खुर्चीवाला येणार, हटकणार, परदेशात शोभा होणार. मी मुलीला म्हटले, "अगं, विचार तरी कोणाला." ती म्हणाली, "बाबा, विचारायचं काय त्यात? किनारा आहे हा."

किनारा आहे हा. एवढेच उत्तर. मी त्या चादरीवर अवघडून बसलो खरा. पण ते वाक्य काही मनातून जाईना.

पुढे चौकशी केली, वाचले, तेव्हा कळले की या साध्या वाक्यामागे बरेच घडून गेले आहे. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा सार्वजनिक मालमत्ता आहे आणि २००१ चा त्यासंबंधीचा कायदाही तसेच सांगतो. सरकार किनाऱ्याचा तुकडा खुर्च्या मांडायला भाड्याने देऊ शकते, पण किनारा विकू शकत नाही. प्रत्यक्षात काय होत गेले ते आपल्याला सांगायला नको. परवाना शंभर हातांचा असेल तर खुर्च्या तीनशे हात मांडायच्या, मधली वाट बुजवायची आणि चादर घेऊन आलेल्या गावकऱ्याला 'इथे बसता येणार नाही' म्हणून उठवायचे. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरची माणसे याला कंटाळली. त्यांनी दगडफेक केली नाही की उपोषण केले नाही. अंगपुसणी टॉवेल घेतले, बेकायदा मांडलेल्या खुर्च्यांच्या किनाऱ्यावर गेली आणि किनारा आमचा आहे असे सांगू लागली. वर्तमानपत्रांनी त्याला टॉवेलांची चळवळ म्हटले. बघता बघता ती इतर बेटांवर पसरली, नाक्सोसवरही आली. २०२४ मध्ये सरकारला नवा कायदा करावा लागला. किनाऱ्याचा निम्मा भाग, आणि संरक्षित क्षेत्रात तर सत्तर टक्के, मोकळा ठेवायचा. पाण्याच्या रेषेपासून चार मीटरांपर्यंत खुर्ची नको. कोणी नियम मोडला तर मोबाइलवरून तक्रार करता येते. शिवाय १९८ किनाऱ्यांची एक यादी काढली. तिथे खुर्ची नाही, छत्री नाही, कर्णाही नाही.

अर्थात कायदा झाला म्हणजे सारे आलबेल झाले, असे ग्रीक माणूसही म्हणत नाही. पण आमची चादर त्या दिवशी कोणी उचलली नाही. ती पारोसच्या टॉवेलांची पुण्याई.

संध्याकाळी आणखी एक दृश्य दिसे. पर्यटक खोल्यांकडे वळले की गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्या येत. डोक्यावर टोप्या, अंगात काळे पोहण्याचे कपडे. कमरेएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहत आणि तासभर बोलत. पोहणे नाही, डुंबणे नाही, नुसते बोलणे. भाषा एक अक्षर कळत नव्हती. पण सून, गुडघे आणि भाव या तीन विषयांच्या बाहेर त्या गेल्या नसाव्यात, असे आमच्या घरातून छातीठोकपणे सांगण्यात आले. "हा आपला घाटच की हो," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे सांगतो.

त्याआधी नाक्सोसच्या बटाट्यांविषयी. हे बेट नुसते पर्यटनावर जगत नाही. तिथे शेती आहे, मेंढ्या आहेत, चीज आहे आणि सबंध ग्रीसमध्ये नावाजलेला बटाटा आहे. आम्ही उतरलो होतो त्या घरची मालकीण बटाट्याचे कालवण वाढताना म्हणाली (मुलीने फोनवरून भाषांतर केले), यंदा हे खाऊन घ्या, पुढे मिळतील न मिळतील. २०२४ साली नाक्सोसचे मोठे जलाशय आटले होते. विहिरींचे पाणी ओढता ओढता त्यांत समुद्राचे खारे पाणी शिरले, बटाट्याचे पीक बुडाले आणि नळाच्या पाण्यासाठी समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे बेटावर आणावी लागली. गोंदियात वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो. नाक्सोसला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि उन्हाळ्यात, पाऊस नसताना, पाहुणे लोंढ्याने येतात. प्रत्येकाला खोलीत नळ हवा, हॉटेलला पोहण्याचा हौद हवा. समुद्राला चिकटून पोहण्याचा हौद! सँटोरिनीची गत तर आणखी बिकट. वीस हजारांच्या आतबाहेर वस्तीच्या त्या बेटावर २०२३ मध्ये सुमारे चौतीस लाख पाहुणे आले. अखेर २०२५ पासून जहाजांतून उतरणाऱ्या प्रवाशांवर दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालावी लागली. आमच्या पडद्यावरच्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या गल्लीत माणूस का दिसत नाही, याचे मला आता नवल वाटते.

असो. बेटाचे कौतुक पुरे. ग्रीसचे प्रश्न ग्रीक सोडवतील. मला बोलायचे आहे ते आमच्या पाण्याविषयी.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाण्याची कड मात्र उदंड आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा तलावांचा जिल्हा ही ओळखही दोघांत वाटली गेली. नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावे बाहेरच्यांना ठाऊक असतात. इटियाडोहचे धरण १९७० चे, म्हणजे तसे कालचे. पण खरी श्रीमंती गावोगावच्या तळ्याबोड्यांची. पूर्व विदर्भात असे जुने मालगुजारी तलाव सहा हजारांवर आहेत. सरकारी कागदात 'माजी मालगुजारी तलाव', आणि लोकांच्या तोंडी त्याचे झाले 'मामा तलाव'. नाते किती चपखल बसले आहे पाहा. मामाच्या घरी हक्काने जायचे असते, परवानगी काढून नव्हे.

हे तलाव देवाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या अमदानीत कोहळी समाजाच्या माणसांनी ते बांधले. दोन टेकड्यांमधली नेमकी जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाणी निघून जायला सांडवा ठेवायचा आणि धानाला पाणी सोडायला दगडी तुडूम बसवायचे. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. भोवतालच्या सात टेकड्यांनी त्यांना मदत केली, अशी समजूत आहे. म्हणून त्या सात बहिणी. पाटलांचाही पुढे कोलासूर देव झाला. अभियंत्याचा देव करणारा हा बहुधा एकमेव तालुका असावा! अकरा चौरस किलोमीटरच्या आसपासचे हे पाणी, मधोमध मालडोंगरीचे बेट. म्हणजे बेट पाहायला मला एजियन समुद्रात जाण्याची गरज नव्हती, हे मी कबूल करतो. लहानपणी गोंदिया-चांदाफोर्टच्या छोट्या लाइनच्या गाडीने देऊळगावला उतरून आम्ही ते पाहायला चालत जात होतो. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले. 'नवेगावबांधचे दिवस' त्यांनी लिहिले आणि माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाकडून इथले पाणी व पाखरे समजून घेतली. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांना पाहायला मिळालेला तलाव आम्ही किती राखला, हा प्रश्न मागे राहिला.

बिघडले कधी? माझ्या मते १९५१ साली, मालगुजारी गेली तेव्हा. मालगुजारी जायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. मालगुजार कोणी संत नव्हते. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्याभोवतीची माणसे मात्र हिशेबात धरली गेली नाहीत. कोणाच्या बांधीला आधी पाणी, पाळीला भगदाड पडले तर घरटी किती माणसे, उन्हाळ्यात गाळ कोणी कोणत्या शेतात न्यायचा, याची रीत होती. ती रीत कोणत्याच फायलीत मावली नाही. निस्तारपत्रकात हक्क नोंदले गेले, पण कर्तव्ये नोंदायला रकानाच नव्हता. पाणी आमच्या हक्काचे, पट्टी कशाला, असे शेतकरी म्हणाला. पट्टी नाही तर दुरुस्ती कशाची, असे खाते म्हणाले. या भांडणात पाळी खचल्या, पोटात गाळ साचला आणि काठाने बेशरम माजली. ढिवरांची गत अशीच. पाण्यात कोणती वनस्पती असली की कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक. आम्ही त्यांना रोहू-कतलाचे बीज दिले आणि लिलावाचा कागद दिला. देशी मासे गेले, कमळ गेले, देवधान गेले. ते खाणारी पाखरे मग कशाला थांबतील?

काही गावांनी हे उलट फिरवून दाखवले आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच ढिवर समाजाच्या बायकांनी तळ्यातली बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरला, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी परत आणली. कोणत्याही पुस्तकात न शिकलेले हे शास्त्र आहे. पण अशा कामाचे उद्घाटन होत नाही. फीत कापायची कुठे, पाण्यात?

उद्घाटन होते ते सौंदर्यीकरणाचे. आणि आता माझी कबुली.

आमच्या गावच्या तलावाच्या सौंदर्यीकरणाचा अर्ज मी लिहिला होता. अक्षर चांगले, निवृत्त मास्तर, गावात मान. 'गुरुजी, तुम्हीच लिहा' म्हणाले आणि मी लिहिला. 'सदर तलावास निसर्गरम्य परिसर लाभला असून पर्यटनदृष्ट्या विकासास मोठा वाव आहे.' हे वाक्य माझे. काम मंजूर झाले. पाळीवर रंगीत फरशा आल्या, दिव्यांचे खांब आले, गावाचे नाव आणि लाल बदाम असलेला फोटो काढायचा कट्टा आला. त्याच्या मागे, पाण्याच्या कडेने, कमरेएवढे लोखंडी कठडे आले. मुले पडू नयेत म्हणून. कठड्याला एकच फाटक. त्याला कुलूप. तिकीट लावायचे पुढे पाहू, असे ठरले.

त्या कठड्याच्या आत बायकांचा धुण्याचा घाट होता. ढिवरांचे डोंगे लागण्याची जागा होती. गुरे पाण्यावर उतरत ती उतरंड होती. हे सारे मला दिसत होते का? रोज दिसत होते. पन्नास वर्षे दिसत होते. म्हणूनच अर्ज लिहिताना दिसले नाही. ढिवर मोहल्ल्यातला एक म्हातारा मला वाटेत भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "गुर्जी, तराव त लय सुंदर झाला जी. पन पानी आता पाहाचंच राह्यलं." मी त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. विकास, रोजगार, पाहुणे. त्याने ऐकून घेतले. मास्तरांचे ऐकून घ्यायची आमच्याकडे रीत आहे.

नाक्सोसच्या पाण्यात त्या म्हाताऱ्या गोल करून उभ्या होत्या आणि सौभाग्यवती म्हणाल्या, हा आपला घाटच. तेव्हा माझी वाचा का बसली, ते आता लक्षात येईल. आठ हजार मैल नव्हे, पण काही हजार मैल दूर येऊन मी परक्या माणसांच्या किनाऱ्यावर फुकट चादर अंथरली होती. माझ्याच गावच्या पाण्याला मात्र मी कुलूप लावून आलो होतो.

आता कोणी म्हणेल, मास्तरांनी ग्रीस पाहिला आणि आता इथल्या पोरांनी पर्यटनाचे नाव काढू नये म्हणतात. तसे मी मुळीच म्हणत नाही. धानाच्या एका पिकावर घर चालत नाही. रोवणी झाली की आमची पोरे नागपूर, पुणे, रायपूर गाठतात. नवेगावचे राष्ट्रीय उद्यान १९७५ पासून आहे, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ पाहायला येणारा माणूस चार पैसे इथे ठेवून जातो, ते हवेच आहेत. उभ्या महाराष्ट्रात सारस क्रौंच टिकून आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांच्या काठी. तो पाहायला कोणी आला तर त्याला चहा पाजून पैसे घ्यावेत, याला माझी हरकत नाही. हॉटेल हवे, डोंगा फिरवणारा ढिवर हवा, मरळीचा रस्सा रांधणारी बाई हवी. माझा प्रश्न आधी कोण, एवढाच आहे. ज्याचे पोट पाण्यावर आहे तो आधी की ज्याचा फोटो पाण्यावर आहे तो? नाक्सोसचा बटाटा आणि नाक्सोसची खोली यांच्यात पाण्यावरून भांडण लागले, तेव्हा बटाट्याची बाजू घेणारे उशिरा जागे झाले. आमच्याकडे निदान ते भांडण अजून पुरते लागलेले नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे का? आहे आणि नाहीही. समुद्रकिनारा, वाहते पाणी आणि हवा ही सर्वांची, हे तत्त्व इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या कायदेग्रंथात लिहिले गेले. तो राज्य करीत होता ग्रीकभाषक कॉन्स्टँटिनोपलमधून. डिसेंबर १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या एका प्रकरणात हेच तत्त्व उचलून धरले: सरकार अशा संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे. २०११ मध्ये पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात न्यायालयाने गावाच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करा, असे सर्व राज्यांना बजावले. इथवर ठीक. पण समुद्रकिनाऱ्याला १९९१ पासून किनारपट्टी नियमनाचे कवच आहे, तसे तळ्याच्या कडेला काय? पाणथळ जागांचे २०१७ चे नियम आहेत. मात्र सिंचनासाठी माणसाने बांधलेली पाणसाठवण त्यांतून वगळली आहे. म्हणजे तीनशे वर्षे कमळे फुलली, पाखरे उतरली, पिढ्या नांदल्या तरी मामा तलाव या व्याख्येतून सहज निसटू शकतो, कारण तो कोणीतरी हाताने बांधला! कोलू पाटलांचा देव झाला खरा, पण त्यांची पाळ नियमात बसली नाही. हे बदलायला हवे. मामा तलावांच्या पाण्यालगतची चार मीटर पट्टी तरी कायमची मोकळी, घाट, डोंग्याची जागा आणि गुरांची उतरंड नकाशावर नोंदलेली, आणि मगच फरशीचे अंदाजपत्रक, एवढा एक शासकीय निर्णय निघायला कोणाचे काय अडले आहे?

गावाकडे परतलो तो सप्टेंबर संपत आला होता. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हटले, अर्ज मी लिहिला होता, चूक माझी आहे, कठडे काढा. सभेत हशा झाला. एकाने विचारले, "गुरुजी, ग्रीसमध्ये कठडे नाहीत काय?" दुसरा म्हणाला, बिल निघाले आहे, आता काढले तर चौकशी लागेल. यात तथ्य होते. तासभर वाद झाला. पडलेच कोणाचे पोर पाण्यात तर जबाबदार कोण, हा प्रश्न एका आईने विचारला आणि त्याचे नीट उत्तर माझ्यापाशी नव्हते. अखेर ठराव झाला तो असा: फाटकाचे कुलूप काढायचे, घाटापुढचे आणि डोंग्यांच्या जागेपुढचे कठडे कापून वाट करायची, तिकिटाचा विषय सोडून द्यायचा. कुलूप दुसऱ्या दिवशी निघाले. घाटापुढची वाट दिवाळीनंतर झाली. डोंग्यांची अजून व्हायची आहे. ढिवर डोंगा कठड्यावरून उचलून आत टाकतात.

लग्नाच्या हंगामात आता जोडपी पाळीवर फोटो काढायला येतात. पडद्याची गरज उरली नाही. परवा असेच एक जोडपे घाटाच्या वाटेवर उभे होते. नवरीचा निळा शालू, मागे संध्याकाळचे पाणी, आणि पाण्याच्या कडेला एक बाई गोधडी आपटत होती. फोटोग्राफर माझ्याकडे आला. "गुरुजी, त्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांगता का?" मी काही बोलायच्या आत बाईनेच मान वळवली.

"आमी त रोजच्याच आहोत, बाबू. तुमीच सरका थोडे."

फोटोग्राफरने तिवई उचलली आणि चार हात पलीकडे नेऊन लावली.